पलूसला प्राईमरोझ येतो

१४ ऑक्टोबर. सकाळी ६.१०
नवी वही. ही फक्त माझ्यासाठी. सौ.च्या हाती लागू नये म्हणून पंपाच्या वॉरंटी कार्डांच्या पिशवीत ठेवणार. त्या पिशवीत आजवर कोणी हात घातलेला नाही.

काल साताऱ्याला व्याह्यांकडे जाऊन आलो. दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे आमच्या लेकीला, प्रीतीला दिवस गेलेत. तारीख मे महिन्याच्या शेवटची. मी आजोबा होणार. दुसरी म्हणजे व्याही भूपालराव उटीहून एक कुंडी घेऊन आलेत. बुटकं झाड, पालकासारखी सुरकुतलेली पानं, मध्ये पिवळी फुलं. नाव प्राईमरोझ. विलायतेत बर्फातसुद्धा जगतं म्हणे. भूपालराव म्हणाले, साताऱ्यात हे जेमतेम तगेल, तुमच्या पलूसला उन्हाळ्यात माणूस तगत नाही तिथं याचं काय. आणि त्याच घोटाबरोबर म्हणाले, भर मेमध्ये बाळ-बाळंतीण त्या भट्टीत कशी राहणार, डिलिव्हरी इथंच होऊ द्या.

पहिलं बाळंतपण आणि सासरी! आमच्या घराण्यात असं झालेलं नाही. मी चहा अर्धा ठेवला. त्यांच्या लक्षात आलं नाही, पण ठेवला.

६.४०
मार्ग सापडला. उन्हाला सगळ्यात जास्त भिणारं झाड पलूसमध्ये मे महिन्यात फुलवून दाखवायचं. मग उन्हाचं नाव काढायला साताऱ्याला तोंड राहणार नाही. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडत चौतीस वर्षं काढली आहेत, नियोजन माझ्या रक्तात आहे.

१९ ऑक्टोबर
बियांचं पाकीट कुरिअरने आलं. बी म्हणजे नुसती धूळ. पाकिटावर इंग्रजीत लिहिलंय की बी मातीवर नुसतं टाकावं, झाकू नये. हा तिकडच्या लोकांचा आळस. आपण शाळू पेरतो तसं दोन बोटं खोल पेरलं. वरून गाळलेलं पाणी.

शेजारचा राजाराम कुंपणावरून बघत होता. मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालाय. जास्वंद आणि शेवगा सोडून त्याच्या बागेत काही नाही. काय लावलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, वेळ आली की कळेल.

१० नोव्हेंबर
काही नाही. तीन ठिकाणी उकरून बघितलं. बीसुद्धा नाही. पाकीट जुनं असणार.

११ नोव्हेंबर
पाकीट पुन्हा वाचलं. या बियांना उगवायला उजेड लागतो. शिवाय वीस डिग्रीच्या वर ती झोपून राहतात. असल्या महत्त्वाच्या सूचना ठळक अक्षरात छापायला हव्या होत्या. म्हणजे ठळक अक्षरातच आहेत, पण गिऱ्हाईक चष्मा लावून वाचेल असं गृहीत धरून.

दुसरं पाकीट मागवलं.

१७ नोव्हेंबर
बी आधी तीन आठवडे थंडीत ठेवायचं असतं. मातीचे ट्रे फ्रीजमध्ये ठेवतो म्हटल्यावर सौ.ने फ्रीजला पाठ लावून उभं राहून नकार दिला. माती म्हणजे त्यात हजार जीव, आणि वरच्या कप्प्यात तिचं दही.

पण माणसाची ओळख कामाला येते. तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजला आपला जुना कारकून मॅनेजर आहे. बेदाण्याच्या बॉक्सांच्या थप्पीत दोन ट्रे ठेवून दिले. चार डिग्री! उटीत तरी असते का एवढी? साताऱ्यात पेढे आहेत, किल्ला आहे, पण बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे का? हे भूपालरावांना योग्य वेळी विचारायचं.

८ डिसेंबर
ट्रे घरी आणले. वरती चार बेदाणे होते. सौ.ने धुऊन खाल्ले.

२६ डिसेंबर. सकाळी ७.०५
उगवले! अकरा!

सौ.ला उठवलं. तिने भिंगातून बघितलं आणि हे तण नाही कशावरून, असं विचारलं. भिंग परत घेतलं.

अकराही रोपांना टोकन नंबर दिले. हजेरीपट आखला. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाचला हजेरी. प्रीतीला फोटो पाठवला. तिने लाल हृदय पाठवलं आणि विचारलं की पप्पा, मला न्यायला कधी येणार. अजून वेळ आहे, पण पोरीला ओढ लागली आहे हे वाचून बरं वाटलं.

१५ जानेवारी
हजर ९. गैरहजर ३ आणि ८. तीन नंबरला पाणी जास्त झालं, आठला कमी. म्हणजे सरासरी बरोबर आहे.

थंडी झकास. पहाटे अकरा डिग्री. भूपालरावांना फोन करून सहज सांगितलं. ते म्हणाले, जानेवारीत सगळीकडंच थंडी असते.

२ फेब्रुवारी
नंबर ५ चं एक पान जाळीदार. नंबर ६ चा नुसता दांडा. गोगलगाई! ओलावा टिकावा म्हणून रोपांवरच्या शेडनेटमध्ये पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर बसवला, त्या धुक्याचा फायदा घेत आहेत.

राजारामने उपाय सांगितला, मीठ टाका नाहीतर दुकानातून गोळ्या आणा, सकाळपर्यंत साफ. त्याला समजावलं की आम्ही जैन, मुंगी वाचवून पाऊल टाकणारी माणसं. त्यावर तो म्हणाला, "मग अण्णा, त्यान्ला जेवाय तरी नीट वाढा. पान पुरंना झालंय."

चिमट्याने वेचून डब्यात घालतो. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. कोथिंबिरीच्या काड्या घातल्या. एका सकाळी सोळा. पण सोडायच्या कुठं? आपल्या दारात सोडल्या तर परत येतात. एकीच्या पाठीवर खूण केली होती, दुसऱ्या दिवशी हजर. रोपांपेक्षा हजेरी चांगली.

२० फेब्रुवारी
नंबर ४ ला कळी आली होती. सकाळी सातला होती. पाचला नव्हती.

चूक माझी नाही. फेब्रुवारीत फूल आलं असतं तर त्याला काय अर्थ होता? पैज मेची आहे. गोगलगायीने एका अर्थी वेळापत्रक पाळलं.

८ मार्च. संध्याकाळचं जेवण नाही, तिकडे जास्त झालं
साताऱ्याला प्रीतीच्या ओटीभरणाला गेलो. हिरव्या साडीत पोर इतकी चांगली दिसत होती की मी दोनदा बाहेर जाऊन चष्मा पुसून आलो. साताऱ्यात धूळ फार.

आता रीत अशी की सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलीला माहेरी घेऊन यायचं. वडिलांनी न्यायला जायचं. प्रीतीची बॅग भरलेली होती. जावई आर्जवने ती गाडीपर्यंत आणलीही. पण मला वाटलं, आत्ता नेलं तर भूपालराव म्हणणार, रीत म्हणून नेली, मेमध्ये परत पाठवतील. तेव्हा सगळ्यांसमोर जाहीर केलं की पंधरा दिवसांत फूल येतं आहे, मी कुंडी घेऊन येणार, ती या टेबलावर ठेवणार आणि मगच पोरीला घेऊन जाणार. चांगलं बोललो. विहीणबाईंनी मान हलवली. प्रीती म्हणाली, मी आजच येते की. मी म्हटलं, पंधराच दिवस.

सौ. कराडपर्यंत एक शब्द बोलली नाही. कराडनंतरही नाही. दमली असेल.

ता. क. निघण्यापूर्वी डब्यातल्या त्रेचाळीस गोगलगाई भूपालरावांच्या परसात सोडल्या. तिथली हवा थंड आहे असं तेच म्हणतात. जिवांचं कल्याण.

२३ मार्च
पंधरा दिवस झाले. कळी नाही. निसर्गाला पंधरा म्हणजे पंधराच असं नसतं. प्रीतीला कळवलं.

संध्याकाळी ४.३०
भूपालराव सांगलीला लग्नाला आले होते, वाटेत डोकावले. कंदी पेढ्यांचा दोन किलोचा बॉक्स दिला. वागण्यात कमालीचा गोडवा. रोपं बघितली. हजर पाच, त्यांनी मोजलीच. जाताना गाडीत बसून म्हणाले, "पेढे लगेच उघडा बरं का. गुदमरतील."

५.१५
उघडला. बॉक्सच्या तळाला भोकं. आत एकावन्न गोगलगाई.

म्हणजे माझ्या त्रेचाळीस परत केल्या आणि स्वतःच्या आठ वर घातल्या. जैन माणसाने असं वागावं! मी केलं ते वेगळं, त्यात व्यवस्था होती.

राजारामने आपल्या बागेत सोडू देण्यास आधीच हरकत घेतली. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून घाईघाईने कॅनॉलच्या कडेला नेऊन सोडल्या. जेवायला वीस मिनिटं उशीर झाला, म्हणजे उपवास.

६ एप्रिल
चाळीस डिग्री. हजर तीन. फॉगरचं पाणीच गरम येतंय. शेडनेटवर दुसरं शेडनेट, त्यावर ओली गोणपाटं. सौ. म्हणते की आत म्हैस बांधल्यासारखं दिसतं.

सौ. रोज विचारते, पोरीला कधी आणायचं. रोज सांगतो, कळी दिसली की. आठवा महिना लागलाय म्हणते. मला काय कळत नाही? सगळं तिच्यासाठीच तर चाललंय.

१५ एप्रिल
आज मोठा निर्णय. काल राजाराम जयंतीच्या मिरवणुकीत होता, त्यामुळे फालतू प्रश्न विचारायला कोणी नव्हतं आणि शांत विचार करता आला. मागच्या बेडरूममध्ये AC बसवला. वीस डिग्रीवर. उजेडासाठी पांढऱ्या ट्यूब. दोन्ही कुंड्या खिडकीशी. (हजर दोन. नंबर ४ आणि ११.) कॉटवर पेपर पसरून खत, स्प्रे, थर्मामीटर. ही खोली प्रीतीच्या बाळंतपणासाठी रंगवून घेतली होती, पण ती येईपर्यंत रिकामीच आहे.

आम्ही दोघं हॉलमध्ये पंख्याखाली. पंखा गरम वारा फेकतो. सौ. ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपते.

संध्याकाळी राजाराम आला. खोलीत दोन मिनिटं उभा राहिला. म्हणाला, "खोली तर बेस गार झाली अण्णा. आता पोरीला आना की. झाडाचं काय काम हाय मधी?"

याला मूळ मुद्दाच कळलेला नाही. AC असेल तर काय, कोणीही राहील. सिद्ध काय करायचंय, की पलूसची हवा सोसते. त्याला हे नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, व्हय, आणि गेला.

रात्री डोक्यात आलं की AC मधलं झाड हवा सोसतं असं म्हणता येईल का. येईल. खोली पलूसमध्येच आहे.

२६ एप्रिल. सकाळी ७.००
कळी!! नंबर ११. हिरवट, ज्वारीच्या दाण्याएवढी. प्रीतीला लगेच फोन. तिला सांगितलं, आठ दिवस, फार तर दहा. ती मग म्हणाली, पाय सुजतात हल्ली. मी म्हटलं, इथं आलीस की मिठाच्या गरम पाण्यात ठेवू.

३ मे
त्रेचाळीस डिग्री. (खोलीत वीस.)

सौ.ने सकाळी पिशवी भरली. मी म्हटलं, रीत वडिलांनी न्यायला जायची आहे, तू एकटी आणलीस तर भूपालराव काय म्हणतील. ती म्हणाली, "आनत न्हाई. ती म्हणती पप्पा येनार म्हणालेत, त्यांच्याबरच येनार. तुमी तुमच्या फुलाला घिऊन या सावकाश. मी पोरीजवळ ऱ्हाते."

साडेनऊच्या एसटीने गेली. एवढ्या उन्हात.

प्रीती माझ्यासाठी थांबली आहे. तिलासुद्धा फूल बघायची उत्सुकता असणार. बापावर गेली आहे.

दुपारी भात केला. खालचा करपला, वरचा कच्चा. मधला चांगला होता.

९ मे. सकाळी ७.००
उमललं. पिवळं, मध्ये गडद ठिपका. पलूस, नऊ मे, बाहेर बेचाळीस. वास घेतला. वास नाही, पण मला आला.

लगेच निघणार होतो. पण एकच फूल टेबलावर ठेवलं तर भूपालराव म्हणतील, एकच? शेजारची कळी उद्या-परवा उघडेल. दोन दिवसांनी काय बिघडतं. राजारामला बोलावून दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं. म्हणाला, ब्येस हाय, उटीत पोस्टिंगला असताना असली गटाराच्या कडंला यायची.

११ मे. सातारा
सकाळी सहाला निघालो. गाडीचा AC फुल. कुंडी पुढच्या सीटवर, तिला बेल्ट. मी स्वेटर घालून. टोलनाक्यावरचा माणूस बघत राहिला. वाटेत भाषणाची तयारी केली, सुरुवात कोल्ड स्टोरेजपासून.

पावणेनऊला पोचलो. दारात भूपालराव. ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, पोरीला न्यायला आलोय. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

प्रीती पलंगावर. पाय उशांवर, चेहरा सुजलेला. काल दवाखान्यात नेलं होतं. बीपी वाढलंय. डॉक्टरनी सांगितलंय, गाडीत बसायचं नाही, जिने नाहीत, डिलिव्हरी इथंच, साताऱ्यात. परवा पलूसला आणली असती तर? मी कुणालाच विचारलं नाही. सौ.ने माझ्याकडे बघितलं आणि पोरीच्या पायांना तेल लावत राहिली.

मी म्हटलं, प्रीती, फूल आलं. ती हसली. मग म्हणाली, "दोन महिने बॅग दारामागं भरून ठेवलेली पप्पा. तुम्ही नुसतं यायचं होतं."

भाषणातलं एक वाक्य आठवेना. तिथंच स्टुलावर बसून राहिलो. तिने मला स्वेटर काढायला लावला.

दुपारी चारला कुंडीची आठवण झाली. गाडी अंगणात उन्हात, काचा बंद. पानं शिजवलेल्या पालेभाजीसारखी. फूल कुठलं ते ओळखू येत नव्हतं. भूपालराव मागून आले होते. त्यांनी बघितलं. काही बोलले नाहीत, आत जाऊन माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला रडू आलं. प्रवासाचा शीण, दुसरं काय.

२३ मे. पलूस. सकाळी ११.२०
बारा दिवस व्याह्यांकडे पाहुणा. मुलीच्या सासरी एवढे दिवस राहणं बरं दिसत नाही, म्हणून आज पहाटे निघून आलो. कराडला टायर पंक्चर झाला, तीन तास तिथंच गेले. शिवाय सौ.ची गुडघ्याची गोळी संपली आहे आणि तिची एक साडी हवी आहे. गोळी साताऱ्यात मिळते असं आर्जव म्हणाला, पण आपला दुकानदार बरा. प्राईमरोझ बघायला आलेलो नाही. तारखेला अजून पाच दिवस आहेत, संध्याकाळपर्यंत परत जाणार.

११.३५
राजारामकडून चावी घेतली. AC चालू ठेव आणि एक दिवसाआड पाणी घाल असं त्याला सांगितलं होतं, त्याने ड्यूटी चोख केली आहे. बाहेर त्रेचाळीस. दार उघडलं आणि अंगावर शिरशिरी आली.

नंबर ४ फुलला आहे. सहा फुलं. भूपालरावांच्या उटीच्या कुंडीला चारच होती. कॉटवरचे पेपर राजारामने गोळा करून चादर घातली आहे. का घातली कोण जाणे.

फोटो काढून प्रीतीला पाठवला. बघितल्याची खूण नाही.

११.५५
सौ.चा फोन. पहाटेच, मी निघाल्यावर तासाभरात, कळा सुरू झाल्या. मला गाडी चालवताना कशाला धास्ती म्हणून कळवलं नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. पावणेतीन किलो. दोघी ठीक आहेत. पहिल्यांदा भूपालरावांनी घेतली.

मी म्हटलं, बरं झालं.  मागे बाळाचा आवाज येत होता.

मग भूपालरावांनी फोन घेतला. अभिनंदन केलं, नाक तुमच्यासारखं आहे म्हणाले. सावकाश या, घाई करू नका, पोर आता कुठं जात नाही. मग त्यांनी विचारलं, तिकडं ऊन फार असेल ना?

मी कॉटवर बसलो होतो. म्हटलं, नाही हो. इथं वीस डिग्री आहे.